‘रॉकिंग ग्रेट म्हणजे साधी तरफ’ या मजकुराला उत्तर

बॉयलरवर काम करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: रॉकिंग ग्रेट (भट्टीच्या तळाची, राख पाडण्यासाठी हलवता येणारी बारांची जाळी) म्हणजे साधी तरफ, त्यात डिझाइन करण्यासारखं काही नसतं. बार जाड ओतले की जास्त टिकतात. फटी घट्ट ठेवल्या की कोळसा गळत नाही. हेलकाव्याचा कोन मोठा ठेवला की एका झटक्यात राख पडते. ग्रेट सतत आणि जोरात हलवत राहिलं की क्लिंकर, म्हणजे राख वितळून गोठलेला कडक थर, धरत नाही. अडकलीच तर दांड्यावर पाइप चढवावा. आणि बार खराब झाला की तोच नमुना म्हणून फाउंड्रीत द्यावा.

सगळ्या सूचना ठाम आहेत, लक्षात राहायला सोप्या आहेत, म्हणूनच पुढे पाठवल्या जातात. पण त्यातल्या बहुतेक अमलात आणल्या तर चांगली ग्रेट काही महिन्यांत भंगारात जाईल, आणि दोष मात्र भट्टीवरच्या माणसाच्या माथी येईल.

ही रचना ज्यांनी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भट्टीच्या तळाशी बिडाचे आडवे बार शेजारी शेजारी बसवलेले असतात. प्रत्येक बारच्या दोन्ही टोकांना गोल खुंट, म्हणजे ट्रनियन असतात आणि ते चौकटीतल्या खाचांमध्ये टेकलेले असतात. प्रत्येक बारच्या पोटातून एक हात खाली उतरतो. हे सगळे हात पिनांनी एका लांब सळईला जोडलेले असतात, आणि ती सळई बाहेरच्या लिव्हरने पुढेमागे होते. सळई सरकली की सगळे बार एकदम एका बाजूला झुकतात. आगीचं दार न उघडता राख पाडता येते आणि थंड हवेचा लोट भट्टीत शिरत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा.

आता ‘साधी तरफ’ या शब्दांकडे. तरफ आहे हे खरं, पण एका तरफेवर आठ बार लटकलेले आहेत, आणि सगळा प्रश्न तिथेच उभा राहतो. लिव्हरचा लांब भाग 1 मीटर आणि आखूड भाग 100 मिलिमीटर धरू. माणसाने 300 न्यूटन जोर लावला तर सळईत 3000 न्यूटन येतात. आठही बार मोकळे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त 375 न्यूटन. पण एका बारमध्ये क्लिंकरचा तुकडा पाचरीसारखा अडकला की बाकीचे सात जोर घेतच नाहीत. पूर्ण 3000 न्यूटन त्या एका हातावर येतात. हाताचा छेद मुळाशी 20 बाय 40 मिलिमीटर आणि पिनपासूनचं अंतर 100 मिलिमीटर असेल, तर तिथला वाकण्याचा ताण सुमारे 56 मेगापास्कल होतो. 200 मेगापास्कल दर्जाच्या बिडाला हे चालून जाईल. आता मजकुरातल्या सल्ल्याप्रमाणे पाइप चढवून लिव्हर दुप्पट लांब करा. ताण 112 झाला. त्यात झटका दिला तर तो आणखी दुपटीकडे जातो, आणि हात जिथे बारला मिळतो त्या कोपऱ्यात ताण एकवटतो तो वेगळाच. बीड दाबाला दणकट असलं तरी ओढणाऱ्या ताणाला कमजोर असतं आणि वाकून आधी सूचना देत नाही. ते एकदम तुटतं. हात तुटलेला बार मग आगीखाली कसाही लोंबकळतो आणि तो बदलण्यासाठी भट्टी थंड करावी लागते.

म्हणून डिझाइन करणारा इथे दोन गोष्टी ठरवतो. एक, सगळी ग्रेट एकाच सळईवर न टांगता तिचे स्वतंत्र गट पाडायचे. दोन, सळई आणि लिव्हर यांच्या सांध्यात मुद्दाम एक कमजोर पिन ठेवायची. बारचा हात धोक्यात येण्याच्या बऱ्याच आधी ती पिन तुटली पाहिजे, आणि ती राखखान्याच्या बाहेर, हाताला लागेल अशा जागी हवी. पाइप चढवणारा माणूस ही सगळी योजना मोडून काढतो. ग्रेट अडली तर आधी उलट दिशेने हलका हेलकावा द्यावा, मग खालून कुठे अडलं आहे ते पाहावं, गरज पडल्यास वरून सळई घालून तो तुकडा फोडावा. यात जास्त वेळ जातो, पण हात वाचतात, बारचेही आणि माणसाचेही.

‘कोन मोठा, फट घट्ट’ हा या मजकुराचा सगळ्यात लोकप्रिय भाग आहे, आणि भूमिती न पाहता बोलल्याचा पुरावाही इथेच मिळतो. बारची रुंदी 150 मिलिमीटर आणि दोन बारांमधली फट 6 मिलिमीटर समजू. हिशेब सोपा राहावा म्हणून फिरण्याचा अक्ष बारच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत धरू. बार नुसती सपाट फळी असेल आणि सगळे 15 अंशांनी झुकले, तर एका बारची खाली गेलेली कड आणि शेजाऱ्याची वर आलेली कड यांच्यात सुमारे 40 मिलिमीटरचं तोंड उघडतं. यातून राखेबरोबर पेटता कोळसाही खाली जातो. फळी असेल तर बंद स्थितीतली फट 6 ऐवजी 3 केली तरी या 40 मध्ये काहीच फरक पडत नाही. म्हणजे कोळसा गळतो तो हलवताना, आणि घट्ट फट त्याला अडवू शकत नाही.

अडवते ती बारच्या कडेची झालर. कडेपासून खाली, ट्रनियनच्या मध्याभोवती गोलाईने उतरणारी बिडाची भिंत ओतली तर बार झुकताना ती भिंत उघडणारं तोंड झाकत राहते. वरच्याच मापांत 30 अंशांची झालर दिली तर 15 अंश झुकल्यावर मोकळी जागा फक्त 11 मिलिमीटर उरते. राख आणि बारीक चुरा जातो, कोळसा राहतो. कडा मात्र एकमेकींच्या तुलनेत 39 मिलिमीटर वरखाली होतात, त्यामुळे वरचा क्लिंकरचा थर कातरला जातो. कोन वाढवून 45 अंश केला की झालर संपते आणि तोंड 79 मिलिमीटरच्या घरात उघडतं. तेव्हा सगळी आगच खाली जाते.

एकाच यंत्रणेत म्हणून दोन वेगळी कामं बसवलेली असतात: चालू आगीत राख झाडायची आणि शेवटी आग पाडायची. दोन्हींसाठी एकच मोठा कोन ठेवला की पहिलं काम करताना दुसरं चुकून घडणार. वाफेच्या इंजिनांवर हा प्रश्न कधीच सोडवला गेला होता. 1951 पासून बांधलेल्या ब्रिटिश रेल्वेच्या स्टँडर्ड इंजिनांवर रॉकिंग ग्रेट होती आणि तिला हालचालीच्या दोन मर्यादा होत्या. धावताना थोडाच हेलकावा मिळे, आणि शेडमध्ये आग पाडायची असली की अडसर बाजूला करून पूर्ण कोन वापरता येई. स्थिर बॉयलरवर हा अडसर काढून ठेवण्याची सवय मी पाहिली आहे, आणि तिला माझा स्पष्ट विरोध आहे. कामाच्या घाईत, अपुऱ्या उजेडात, माणूस लिव्हर किती ओढतो यावर आग राहणार की पडणार हे अवलंबून असता कामा नये.

घट्ट फटीचा दुसरा तोटा उष्णतेचा. बीड दर अंश सेल्सिअसला, दर मीटरमागे साधारण 11 मायक्रोमीटर प्रसरण पावतं. 600 मिलिमीटर लांबीचा बार 400 अंशांनी तापला तर सुमारे 2.6 मिलिमीटर लांब होतो. थंड झाल्यावर तो परत येतो, त्यामुळे तेवढी जागा सोडणं कुणालाही सुचतं. नजरेतून सुटते ती कायमची वाढ. करडं बीड वारंवार 400-500 अंशांच्या वर जाऊन थंड होत राहिलं की त्यातलं कार्बाइड फुटून ग्राफाइट बनतं आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या कडेने आत ऑक्सिजन शिरून लोखंड गंजतं. दोन्हींमुळे धातू फुगतो, आणि तो फुगवटा उतरत नाही. एक टक्का वाढ धरली तरी 600 मिलिमीटरमागे 6 मिलिमीटर होतात. पहिल्या दिवशी घट्ट आणि सुबक बसलेली ग्रेट काही काळाने चौकटीत आवळून बसते ती यामुळे. मग लिव्हर हलत नाही, मग पाइप येतो. क्रोमियम किंवा जास्त सिलिकॉन असलेलं उष्णतारोधक बीड ही वाढ बरीच कमी करतं, पण प्रसरणाची जागा तरीही सोडावीच लागते: एक टोक जागेवर धरलेलं, दुसरं लांबीच्या दिशेने मोकळं.

ट्रनियनच्या खाचाही तशाच सैल हव्यात. तिथे तेल-ग्रीस जळून चिकट कोळसा होतो, म्हणून ते सांधे कोरडेच चालवायचे असतात. खाच वरून उघडी ठेवली तर राख अडकत नाही आणि बार सरळ उचलून काढता येतो. सांध्यांत अजिबात खेळ नको असा आग्रह धरणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा: 120 मिलिमीटरच्या हातावर पिनमध्ये 1 मिलिमीटर खेळ असला तर बार जेमतेम अर्धा अंश इकडेतिकडे होतो आणि कड 0.6 मिलिमीटर हलते. एवढ्याने काहीही बिघडत नाही.

फटीबद्दल मजकुरात एक गोष्ट अर्धी बरोबर आहे, ती मान्य करतो. पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या भट्टीत फटींचं एकूण क्षेत्र कमी ठेवणं फायद्याचं असतं. ग्रेटने स्वतः हवेला थोडा विरोध केला तर आगीच्या पातळ भागातून सगळी हवा निसटत नाही. पण त्यासाठी फटीला आकार द्यावा लागतो, वर अरुंद आणि खाली रुंद. वरून आत शिरलेला राखेचा कण मग खाली पडतोच, मध्ये रुतून बसत नाही.

‘जाड बार जास्त टिकतो’ हे ऐकायला पटतं, पण बार वाचतो तो हवेमुळे. आगीच्या थराचं तापमान 1200 अंशांच्या पुढे सहज जातं आणि करडं बीड त्याच सुमाराला वितळतं. तरीही बार टिकतो, कारण वर राखेचा थर उष्णता अडवतो आणि खालून येणारी हवा बारच्या अंगाला घासून उष्णता घेऊन जाते. उष्णता जितक्या जास्त पृष्ठभागावरून जाईल तितकं बरं, म्हणजे बार खोल आणि पातळ फासळ्यांचा हवा. जाड ठोकळ्यात वरचा भाग लाल आणि खालचा गार राहतो, त्या फरकाने तो वाकतो आणि तडकतो. हवा आधी तापवून देत असाल तर हे गारवण आणखी कमी होतं, म्हणून अशा भट्ट्यांत हवेचं तापमान 150 अंशांच्या आसपास रोखून धरतात. आणि बार जाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग जाडीशी संबंधितच नाही. राखखाना भरू देणं हा तो मार्ग. राख बारच्या पोटापर्यंत आली की हवा कोंडते, खालूनही धग लागते, आणि मग कुठलाही मिश्रधातू वाचवू शकत नाही.

आता ‘सतत आणि जोरात हलवा’. इथे परिणाम अगदी उलटा होतो. राख खाली, ग्रेटजवळ, तुलनेने गार जागी पडून असते तोवर ती सुटी राहते. जोराच्या हेलकाव्याने ती उसळून पेटत्या थरात गेली की वितळते, खाली येताना गोठते, आणि तेच क्लिंकर. त्या थरात ऑक्सिजन कमी असतो, आणि अशा वातावरणात लोहयुक्त राख आणखी कमी तापमानाला मऊ पडते. शिवाय प्रत्येक जादा हेलकाव्याने बारवरचा राखेचा संरक्षक थरही जातो. योग्य पद्धत म्हणजे आखूड, सावकाश हेलकावे, तेही गरजेपुरते. खाली राखेबरोबर उजळ निखारे दिसू लागले की थांबायचं. किती वेळाने हलवायचं हे कोळशातली राख आणि ती किती अंशांना मऊ पडते यावर ठरतं. सर्व भट्ट्यांना लागू होईल असा आकडा कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

हलवून झाल्यावर प्रत्येक बार सपाट स्थितीत परतला आहे ना, हे पाहणंही तितकंच महत्त्वाचं. तिरका राहिलेला बार एक कड आगीत खुपसून उभा असतो, त्या कडेवर राख टिकत नाही, आणि ती आधी जळते. म्हणून बारचं वजन ट्रनियनच्या खाली पडेल असा आकार द्यावा, म्हणजे तो स्वतःहून सपाट व्हायला बघतो. काढता-घालता येणारा लिव्हर एकाच बाजूने बसेल असं त्याचं टोक करावं, म्हणजे दांडा सरळ दिसतो तेव्हा बारही सरळ असतात, आणि सपाट स्थितीत त्याला खटका लावावा.

शेवटची सूचना, जुना बारच नमुना म्हणून देण्याची. फाउंड्रीत ओतलेलं बीड गार होताना साधारण 1 टक्का आकसतं, आणि जुना बार तर वरच्या अंगाने फुगलेला, खाली तसाच राहिलेला असतो. त्यावरून साचा केला तर वाकलेला माथा, जळून आखूड झालेली झालर आणि लांबट झालेलं पिनचं भोक हे सगळं नव्या बारमध्ये उतरतं, वर आकसण्याचा फरक आहेच. झालर 30 अंशांऐवजी 20 अंशांची उरली तर वरच्या हिशेबातलं 15 अंशांवरचं तोंड 11 वरून 16 मिलिमीटरपर्यंत जातं, आणि नव्या कोऱ्या ग्रेटमधून कोळसा गळू लागतो. ग्रेट बसवतानाच मूळ मापांचं ड्रॉइंग आणि न वापरलेला एक बार जपून ठेवावा, आणि साचा त्या ड्रॉइंगवरून, आकसण्याची भर घालून करून घ्यावा.