भाताच्या पोत्यात गोळी ठेवायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सुगी आटपत आली की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो खानापूरकडच्या आमच्या मावशीच्या फोनवर आला आणि तिने दुकानात जाऊन गोळ्यांची चौकशीसुद्धा केली. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज थोडक्यात असा: "हवाबंद पिशव्या म्हणजे कंपन्यांची लूट. धान्य जिवंत असतं, ते आत गुदमरून मरतं, बी उगवत नाही. प्लॅस्टिकचं विष धान्यात उतरतं. आपले आजे-पणजे धान्य हवेशीर ठेवत. बारदानात भरा, दोन पोत्यांच्या मध्ये किडीची गोळी फडक्यात बांधून ठेवा, वर्षभर बघायला नको."

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर धान्य जाईल, याने माणूस जाईल.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. ३ ग्रॅमची एक गोळी हवेतला ओलावा घेऊन साधारण १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. कीड मरते ती या वायूने. तो फडक्याने अडत नाही, बारदानाने अडत नाही, लावलेल्या दाराच्या फटीतूनही पलीकडे जातो. हिशेब करून बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. एका गोळीचा सगळा वायू तिथे कोंडला तर त्याचं प्रमाण दहा लाखात २५ भागांच्या आसपास जातं. कामाच्या जागी आठ तासांसाठी मानलेली मर्यादा दहा लाखात ०.३ भाग आहे. म्हणजे ऐंशी पटीच्या वर. दोन गोळ्यांत ५० भागांची पातळी येते, आणि ती जिवाला तात्काळ धोका म्हणून धरतात. आपल्याकडे पोती असतात कुठे? माजघरात, नाहीतर पोरं झोपतात त्याच खोलीत भिंतीला लावून.

लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. वास नाही म्हणजे वायू नाही, असं मुळीच नसतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, छाती आवळते, आणि घरातले समजतात रात्रीचं जेवण बाधलं. या विषावर उतारा नाही. दवाखान्यात लक्षणांवर उपचार करतात, तेवढंच.

आणि हे कायद्यातही बसत नाही. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या बनवणं, विकणं, वापरणं केंद्र सरकारने २००१ साली पूर्ण बंद केलं आहे. ही धुरी सरकारी यंत्रणेने किंवा कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्यांनी, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची, असा नियम आहे. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर वायू न झिरपणारं जाड आच्छादन टाकतात, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात, थप्पी कित्येक दिवस बंद ठेवतात, मग वारा खेळवून वायू मोजतात. घरच्या उघड्या पोत्यात यातलं काहीच होत नाही. वायू उडून खोलीत पसरतो आणि दाण्याच्या आतली अंडी न् कोष वाचतात. माणसाला पुरेसा आणि किडीला अपुरा, असा हा उपाय. वर अशा अर्धवट मात्रेतून वाचलेली कीड पुढे या वायूला दाद देत नाही.

आता "धान्य गुदमरतं". धान्य श्वास घेतं हे खरंच आहे, आणि पिशवी चालते तीच त्यामुळे. आतले किडे आणि दाणे मिळून प्राणवायू संपवतात. तो पाचेक टक्क्यांच्या खाली गेला की सोंडकिडे खाणं थांबवतात, वाढत नाहीत, शेवटी मरतात. कोरडा दाणा मात्र नुसता पडून राहतो. बियाणं प्रमाणीकरणाच्या निकषांत तर हवाबंद पाकिटाचा वेगळा रकानाच आहे: भाताच्या बियाण्याला साध्या पोत्यात ओलावा १३ टक्क्यांपर्यंत चालतो, हवाबंद पाकिटात ८ टक्क्यांपर्यंतच. बी आत मरत असतं तर हा रकाना कशाला ठेवला असता? एवढं मान्य करावं लागेल की १३-१४ टक्क्यांचं बी हवाबंद कोंडून ठेवलं तर उगवण घटते. खायच्या धान्याला तो ओलावा चालतो, बियाण्याला नाही. मेसेजात अर्धं खरं आहे ते एवढंच.

आजे-पणजे हवेशीर ठेवत? अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे जोंधळा पेवात ठेवत, जमिनीखाली, तोंड लिंपून. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आतली हवा संपलेली असायची. तीच युक्ती आता पिशवीत आली आहे.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर बाहेरच्या गोणीच्या आत एकात एक अशी दोन अस्तरं असतात, ती पॉलिथिनची, दुधाच्या पिशवीचं असतं तेच. खरा धोका खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यात धान्य भरण्याचा आहे. त्यावर मेसेज गप्प आहे.

पिशवी फसते ती भरणाऱ्याच्या घाईने. कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे कोरडं मीठ घ्या, बाटली तिसरा हिस्सा भरेल एवढं धान्य टाका, मिनिटभर हलवून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी आणखी एक-दोन उन्हं द्या आणि जमलं तर मीटरवर तपासा. उन्हातलं धान्य गरम असताना भरू नका, रात्री आत पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. भाताची कुसळं, तुरीच्या काटक्या चाळून काढा, अस्तराला भोक पडतं ते त्यांनीच. भरण्याआधी पिशवीत हवा भरून दाबा, कुठे सुसू करते का बघा. आतल्या अस्तरातली हवा दाबून काढा, तोंड पिळा, दुमडा, घट्ट बांधा. दुसऱ्या अस्तराचंही तसंच. मग फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. उंदरांचा बंदोबस्त मात्र करायलाच लागतो, तिथे पिशवी काही करू शकत नाही. आणि दर आठवड्याला उघडायची असेल तर तिचा उपयोग नाही. रोजच्या खाण्याचं धान्य वेगळ्या डब्यात काढून बाकीची पिशवी दोन-तीन महिने बंद राहू द्या.

गोळ्या घरात ठेवून झाल्या असतील तर आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढा, दारं-खिडक्या सताड उघडा. कुणाला मळमळतंय, धाप लागतेय असं दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या आणि गोळीचं नाव सांगा. गोळीवर पाणी मारू नका, वायू एकदम सुटतो आणि पेटही घेऊ शकतो. न उघडलेली डबी मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. राहत्या घराबाहेर कुलपात ठेवा आणि जवळच्या रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, जाऊन तिचं काय करायचं ते विचारा.