अविधेयात्मा की विधेयात्मा?

अधिक महिन्यात एका पठण मंडळात विष्णुसहस्रनामाची ११ आवर्तने एका बैठकीत होणार होती, म्हणून मीही गेले होते. पहिले आवर्तन शांतपणे झाले. नंतर मात्र वेग इतका वाढला की श्वास घ्यायलाही उसंत मिळेना, आणि शेवटी वहीत आकडा मांडून सर्वजण उठले. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. ‘न कळता घेतले तरी नाम फळते’ हे मी मनापासून मानते. पण ‘हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा, पुण्याची गणना कोण करी’ असे म्हणणाऱ्या ज्ञानदेवांच्या मुलखात आपण आवर्तनांचा हिशेब का ठेवावा?

सहस्रनाम घाईने म्हणण्यात खरे नुकसान नावांचे होते. महाभारताच्या अनुशासनपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म ही नावे युधिष्ठिराला सांगतात, ती अनुष्टुभ छंदात. त्यामुळे संधी होऊन एक नाव दुसऱ्यात मिसळते आणि कोठे थांबायचे हे ठाऊक नसेल, तर नावच हरवते. ‘विजितात्माविधेयात्मा’ हा चरण पाहावा. शंकराचार्य येथे ‘अविधेयात्मा’ असे नाव वाचतात, म्हणजे जो कोणाच्याही आज्ञेत नाही तो. श्रीवैष्णव परंपरेतले भाष्यकार पराशर भट्टर मात्र ‘विधेयात्मा’ वाचतात, म्हणजे जो भक्तांच्या अधीन आहे तो. उच्चारात काडीचाही फरक नाही, आणि अर्थ मात्र दोन टोकांचे! पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर आजही उभ्या असलेल्या विठोबाला ही दोन्ही नावे शोभतात, असे मला वाटते. पुढे तर ‘भयकृत्’ आणि ‘भयनाशन’, ‘अणु’ आणि ‘बृहत्’, ‘कृश’ आणि ‘स्थूल’ ही नावे शेजारी शेजारीच येतात. ‘विष्णु’ हे नाव तीनदा येते, आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा असल्याने ही पुनरुक्ती नव्हे, असे शंकराचार्यांचे म्हणणे आहे.

म्हणून माझा आग्रह नामावलीसाठी, म्हणजे एकेक नाव सुटे करून ‘नमः’ जोडून म्हणण्यासाठी आहे. आई अधिक महिन्यात बाळकृष्णाला सहस्र तुळशी वाहत असे. द्वादशीला तुळस खुडत नाहीत, म्हणून त्या दिवसासाठीची पाने आधीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असत. ‘ॐ विश्वस्मै नमः, ॐ विष्णवे नमः, ॐ वषट्काराय नमः’ असे म्हणत एकेका नावाला एकेक पान ती वाहायची. ताम्हनातला बाळकृष्ण पानांखाली दिसेनासा झाला की हलक्या हाताने त्याचे तोंड मोकळे करायची आणि मगच पुढचे नाव घ्यायची. वेळ पुष्कळ लागे, पण एकही नाव दुसऱ्याच्या पोटात जात नसे. रोज नको, निदान एकादशीला तरी असे अर्चन करून पाहावे. तुळशी नसतील तर फुले चालतात.

आईच्या पोथीत ६२१वे नाव ‘अविधेयात्मने नमः’ असे छापलेले आहे. मी तेच म्हणते, पण ते नाव आले की पान क्षणभर बोटांतच राहते, आणि मनातल्या मनात दुसरे नावही घेऊन मगच मी ते वाहते.