एका एक्स-रेत वर्षभराचं रेडिएशन? नाही.

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय: 'मुलाचा छातीचा एक एक्स-रे म्हणजे वर्षभराचं रेडिएशन.' चूक आहे. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) मिळतं. छातीच्या एक्स-रेचा डोस साधारण 0.02, म्हणजे तीनेक दिवसांचा. सीटी स्कॅनचं तसं नाही, तिथं आकडा शंभरपटीच्याही वर जातो. मेसेजवाल्यानं बहुधा तोच इकडं चिकटवला.

मुलांच्या पेशी जास्त नाजूक, हे मात्र खरं. म्हणून किरणांचा झोत हवा तेवढ्याच भागावर ठेवतात, सेटिंग वजन-वयानुसार बदलतात. पोरगं हललं की फोटो पुन्हा काढावा लागतो, डोस दुप्पट! तेव्हा त्याला नीट धरा. आणि जुनी फिल्म घरात असेल तर डॉक्टरांना आधी तीच दाखवा.