कडू तेच गुणकारी? मग दुधीचं टोक का चाखता?

‘आजीचा बटवा’ नावाचा एक निरोप गेल्या महिन्यात मला चार ग्रुपांवर आला, त्यातला दोनदा एकाच मावशींकडून. मजकूर थोडक्यात असा: औषध जितकं कडू तितकं गुणकारी, चव बदलली की गुण गेला. कंपन्यांचं गोड सिरप म्हणजे विष. मूल ऐकत नसेल तर नाक दाबा, तोंड आपोआप उघडतं. तरीही जमलं नाही तर गोळी कुटून दुधाच्या बाटलीत घाला, तान्ह्याला मधातून चाटवा, मोठ्याला चॉकलेट म्हणून द्या. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

चव बदलू नका म्हणणारा निरोप शेवटी मधावर कसा येतो, ते सोडून देऊ. मी पंधरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत उभी आहे आणि यातली बरीच वाक्यं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेली आहेत.

सगळ्यात हट्टी समजूत पहिलीच. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही, म्हणजे चव टिपणारे रेणू, आहेत. ते काही औषध ओळखायला नाहीत. वनस्पतींतली पुष्कळशी विषं कडू असतात, त्यांच्यापासून सावध करायला आहेत. काजऱ्याची बी कडूजहर असते आणि तिच्यातल्या स्ट्रिकनीनने माणूस मरतो. दुधी चिरताना आपल्याकडे टोक चाखून बघतात आणि कडू निघाला तर टाकून देतात, कारण कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. तिथे कुणी ‘गुणकारी आहे, घे’ म्हणत नाही.

एकदा एक आजोबा औषधाची उघडलेली बाटली परत घेऊन आले. नातवाला जुलाबांवर मेट्रोनिडाझोल लिहून दिलं होतं. ‘ताई, ह्यात काही राम नाही. मी चाटून बघितलं, कडू लागतच नाही.’ आजोबांनी स्वतः याच औषधाची गोळी घेतलेली होती. ती जिभेवर जरा रेंगाळली तरी जेवणाची वासना जाते, त्यामुळे त्यांचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. मी लेबल वाचून दाखवलं: दर ५ मिलीलिटरमध्ये मेट्रोनिडाझोल बेंझोएट, २०० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोलइतकं. औषधाच्या रेणूला बेंझोएटची शेपटी जोडली की ते पाण्यात फारसं विरघळत नाही. लाळेत विरघळलं नाही म्हणजे जिभेला कळत नाही. शरीरात गेल्यावर ती शेपटी तुटते आणि मूळ औषध मोकळं होतं. औषध तेच, जिभेला चुकवून गेलेलं. आजोबा बाटली घेऊन परत गेले, आणि जाताना स्वतःची गोळीही अशी मिळते का, ते विचारून गेले.

हिवतापाचंही तसंच. कुनैनचा कडूपणा जुन्या पिढीला ठाऊक आहे. २००९ साली मुलांसाठी आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिनची पाण्यात विरघळणारी, चेरीच्या चवीची गोळी आली. त्याआधी आफ्रिकेतल्या मुलांमध्ये कुटलेल्या साध्या गोळीशी तिची तुलना झाली होती आणि गुणात ती मागे पडली नव्हती.

आता ‘गोड सिरप म्हणजे विष’. हे वाक्य कुठून येतं ते मला कळतं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून १४ रुग्ण दगावले आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला. दोन्हीकडे मारेकरी एकच, डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन. ते गोड असतं खरं, पण ते चवीसाठी घातलेलं नव्हतं. औषधी द्रावणात ते असायलाच नको होतं, आणि कच्चा माल नीट तपासला असता तर तिथेच सापडलं असतं. साखर आणि स्ट्रॉबेरीचा वास यांच्यावर त्याचं खापर फोडलं की तपासणी न करणारे मोकळे सुटतात. साखरेबद्दल खरी तक्रार एकच: फिट किंवा दम्यासारख्या आजारावर महिनोन्‌महिने चालणारं गोड औषध रात्री देऊन मूल तसंच झोपवलं तर दात किडतात. पाणी पाजा, चूळ भरायला लावा. आणि लहान मुलाला खोकल्याचं सिरप मनाने आणून देऊ नका, ते कडू असो की गोड.

नाक दाबण्याबद्दल फार लिहीत नाही. म्हण म्हणून ती झकास आहे. पण रडणाऱ्या मुलाचं नाक दाबलं की ते तोंडाने जोरात श्वास ओढतं आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

दुधाच्या बाटलीचं दुखणं वेगळं. बाळाने अर्धीच बाटली प्यायली तर औषध किती गेलं? कुणालाच सांगता येत नाही. वर दुधालाच कडू चव लागली तर बाळ दुधावरच रुसतं. लोहाचे थेंब दुधातून दिले तर अंगी कमी लागतात. आणि सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. नावापुढे एसआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात. मिसळायचंच असेल तर आधी विचारा, मग चमचाभर गार श्रीखंडात किंवा जॅममध्ये मिसळा आणि तो चमचा पुरता संपवा. संत्र्या-मोसंबीच्या रसात मात्र नको. क्लॅरिथ्रोमायसीनच्या सिरपमध्ये कडू कणांवर लेप असतो. आंबटाने तो सुटतो आणि तोंड जास्तच कडू होतं.

मधाचा मुद्दा मात्र जिवावरचा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, बोटाच्या टोकाएवढासुद्धा नाही. गुटी उगाळताना नाही, बारशाच्या दिवशीही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष सोडतात. आधी शी होत नाही, मग रडण्याचा आवाज बारीक होतो, मान ढिली पडते. ‘आमच्या चारही पोरांना चाटवला, काही झालं नाही’ असं आजी म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. पण ज्या बाळाला होतं त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवायची पाळी येऊ शकते. वर्ष उलटल्यावर खोकल्याला मध खुशाल द्या.

‘चॉकलेट म्हणून द्या’ हे वाचून मला आईच्या लोहाच्या गोळ्यांची पट्टी आठवते. लाल, चकचकीत, साखरेचा लेप असलेली. औषध म्हणजे खाऊ असं शिकलेलं तीन वर्षांचं पोर ती एका बैठकीत संपवू शकतं, आणि जास्त झालेलं लोह लहान मुलाचा जीव घेतं. त्याला सरळ सांगा: औषध आहे, कडू आहे, वर पाणी देते. आधी गार कुल्फी चाटायला दिली तर जीभ जराशी बधिर होते, हा बहाणा मुलांनाही आवडतो.

राहिला चमचा. पोह्याचा चमचा ५ मिलीलिटरचा नसतो, घरोघरी तो निराळाच असतो. दुकानात सुई नसलेली छोटी सिरिंज मागा. मुलाला मांडीवर बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, जिभेवर नको, आणि थोडं थोडं सोडा. दोन घोटांच्या मध्ये त्याला गिळू द्या.