घानातली लाईट जाते कुठे?

"आफ्रिकेत वीज कुठली असायला!" नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकलं आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. घानातल्या टेमा या बंदराच्या गावात माझा संसार आहे, त्यामुळे गप्प बसवेना. बाबांनो, इथे वीज आहे. दहातल्या आठांहून जास्त लोकांपर्यंत ती पोचलीय आणि आजूबाजूच्या देशांच्या मानाने हे खूपच आहे. रड आहे ती करारांची आणि वसुलीची.

सुरुवात अकोसोंबो धरणापासून. जानेवारी १९६६ मध्ये घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी त्याचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. धरणासाठी सुमारे ८०,००० माणसं उठवली गेली आणि तिथल्या विजेतला मोठा वाटा स्वस्तात गेला तो टेमातल्या अमेरिकन मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला. देशात बॉक्साइट असताना कारखाना कच्चा माल बाहेरून आणायचा, आणि दर ठरलेला वर्षानुवर्षांसाठी. नव्या देशाला कर्ज हवं होतं, कर्जासाठी विजेचं मोठं गिऱ्हाईक दाखवायला हवं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते असं.

मग आलं 'डुमसोर'. लाईट जाणं-येणं, यालाच इथे डुमसोर म्हणतात. २०१२ मध्ये नायजेरियातून गॅस आणणारी समुद्रातली पाइपलाइन एका जहाजाच्या नांगराने तुटली, पुढे धरणातलं पाणी खालावलं, इंधनाला पैसा नाही. २०१५ मध्ये तर २४ तास अंधार आणि १२ तास लाईट असं वेळापत्रक होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फ्रोजन मासळीचं कोल्ड स्टोअर आहे. तिथली आंटी अजूनही त्या दिवसांबद्दल सांगते. फ्रीजरचं झाकण उघडायचं नाही, अशी पोरांना तंबी. तरी दुपारपर्यंत खोक्यांच्या तळाला पाणी सुटायचं. मग निम्म्या भावात विक्री, ओळखीच्यांना "आज ने, पैसे उद्या दे", आणि उरलेली मासळी रातोरात धुरी देणाऱ्या बायकांच्या भट्टीवर. धुरी दिलेली मासळी इथे आवडीने खातात, पण सगळ्यांच्याच फ्रीजरचं पाणी एकदम झालं की भट्टीवाल्या भाव पाडणारच की! जनरेटर होता, पण डिझेलचा खर्च मासळीच्या नफ्याहून जास्त.

लोक रस्त्यावर उतरले, नटनट्यांनी मोर्चा काढला, राष्ट्राध्यक्ष महामांना 'मिस्टर डुमसोर' नाव पडलं. आणि सरकारने तहान लागल्यावर विहिरी खणायला घेतल्या, त्याही एकदम डझनावारी. दिसेल त्या कंपनीशी करार. २०१५ च्या अखेरीस तर तुर्कस्तानहून वीज तयार करणारं अख्खं जहाज टेमा बंदरात येऊन उभं राहिलं. यातले बरेच करार खानावळीच्या महिन्याच्या डब्यासारखे होते: जेवा नाहीतर उपाशी राहा, पैसे पूर्ण भरायचे. २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की क्षमता ५,००० मेगावॅटच्या घरात, कमाल मागणी २,७०० च्या आसपास, आणि न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त जातात. आपल्याकडच्यांना दाभोळ आठवेल. एन्रॉनची वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये आपल्या वीज मंडळाने घेणंच थांबवलं होतं. त्यामुळे निदान मराठी माणसाने तरी घानाला हसू नये.

बरं, मागणी वाढत वाढत आता ४,००० मेगावॅटच्या आसपास आलीय, म्हणजे ती जास्तीची क्षमता कामी यायला हवी. तरी २०२४ मध्ये पुन्हा लाईट जायला लागली. कारण वितरण कंपनी जेवढी वीज विकत घेते त्यातल्या सुमारे ३० टक्क्यांचे पैसे येतच नाहीत. काही वीज तारांत जिरते, काही चोरीला जाते, काहींची बिलं थकतात, आणि थकवणाऱ्यांत सरकारी खाती आघाडीवर. वितरण कंपनीकडून पैसा आला नाही की गॅसवाला हात आखडता घेतो. २०१९ मध्ये वितरण खासगी कंपनीकडे दिलं होतं. त्या कंपनीने दिलेल्या हमीची कागदपत्रंच वैध नाहीत असं निघालं आणि काही महिन्यांत गाशा गुंडाळला. त्यापायी अमेरिकेची १९ कोटी डॉलरची मदतही गेली.

२०२५ मध्ये महामा परत सत्तेत, आणि या क्षेत्राचं कर्ज फेडायला पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक सेडी (इथलं चलन) आकार. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! गरिबाचं तर आणखी वेगळंच. इथे कंपाउंड हाऊस असतात: मधे अंगण, भोवती खोल्या, खोलीगणिक एक बिऱ्हाड आणि बऱ्याचदा सगळ्यांत मिळून एकच मीटर. कमी वापराला स्वस्त दर आहे, पण पाच बिऱ्हाडांचा वापर एका मीटरवर मोजला की पंखा आणि दोन दिवे लावणारीही महागड्या टप्प्यात जाते. प्रीपेड संपलं की "तुझ्या इस्त्रीमुळे" वरून अंगणात भांडण ठरलेलं.

माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या प्रकल्पाची फीत कापायच्या आधी या खोल्यांना एकेक मीटर द्या, आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवरही एक बसवा, म्हणजे वीज कुठल्या गल्लीत गळते ते कळेल. सरकारी कचेऱ्यांना प्रीपेड मीटर लावायचं काम तर सगळ्यात आधी घ्या. आणि त्या कचेऱ्यांचं रिचार्ज संपलं तर मंत्र्याचा फोन आला म्हणून लाईट सोडायची नाही.