शेपरच्या कटरला पत्रा गुंडाळू नका

काल रात्री अमळनेरहून भाच्याचा फोन आला. त्यानं नुकतंच दारं-चौकटींचं वर्कशॉप टाकलंय, जुना शेपर घेतलाय, म्हणजे उभ्या दांड्यावर कटर फिरवून लाकडाच्या कडेला आकार देणारं मशीन. "मामा, हाई खरं शे का?" म्हणाला, आणि पाठोपाठ तो मेसेज, जो या आठवड्यात मला चौथ्यांदा आला: 'महागडे कटर म्हणजे लूट, स्वस्तात शेपर चालवा.' त्यातल्या युक्त्या अशा: सगळे कटर सारखेच, स्वस्तातला उचला. बोअर (कटरमधलं भोक) मोठं निघालं तर पत्र्याची पट्टी गुंडाळा. कटरची पाती जुन्या कानशी घासून बनवा. फिनिश येत नसेल तर आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवा. भाच्यानं पत्र्याचा उद्योग करूनही टाकला होता, फक्त स्विच दाबायचा राहिला होता. म्हणून लिहितोय.

आधी पत्राच घेतो. भाच्याच्या शेपरचा स्पिंडल (कटर बसवायचा दांडा) एक इंची, म्हणजे २५.४ मिमी. कटरचं बोअर ३० मिमी. चहूबाजूंनी २.३ मिमी पोकळी. तिथं पट्टी गुंडाळली की तिची टोकं जिथं एकमेकांवर चढतात तिथं जाडी वाढते आणि कटर एका अंगाला सरकतो. एक किलोचा कटर अर्धा मिमी जरी सरकला, तरी ६००० आरपीएमला तो स्पिंडलला सुमारे २० किलोच्या जोरानं ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. धुळ्यात हेल्पर होतो तेव्हा असाच पत्रा लावलेला कटर सुरू होताना पाहिलाय. टेबलावरची फूटपट्टी सरकत सरकत कडेला गेली आणि खाली पडली. मालकानं स्विच बंद करेपर्यंत कटरच्या धारेची कार्बाइडची (अतिकठीण धातूची) एक टिप उडून भुशाच्या पोत्यात घुसली होती. पोत्यामागे मी नेहमी बसायचो.

आरपीएमचं तसंच. १२५ मिमीचा कटर ६००० ला फिरला की त्याची धार ताशी १४० किलोमीटरनं धावते. ९००० केले की वेग दीडपट, पण पाती बाहेर फेकणारा जोर सव्वादोनपट. युरोपातलं ईएन ८४७-१ हे मानक चांगल्या कंपन्या पाळतात. त्यात कटरवर कमाल आरपीएम कोरलेला लागतो, आणि हातानं फिड करायचं (लाकूड पुढे ढकलायचं) असेल तर 'एमएएन' ही खूणही. शिवाय हातफिडच्या गोल कटरची पाती बॉडीबाहेर १.१ मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये, म्हणजे लाकूड एकदम ओढलं जात नाही. बॉडीवर आरपीएमचा आकडाच नसलेला कटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कानशीबद्दल काय बोलावं? कानस टणक असते तशीच ठिसूळ. ग्राइंडरवर तापून निळी पडली की धार मऊ, नाही पडली तर तडकायची भीती.

आता 'सगळे सारखेच' यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. महिन्याला आठ-दहा दारं करणाऱ्याला परदेशी कटर लागत नाही. साध्या मऊ लाकडाला एचएसएस (हायस्पीड स्टील) चालतं, धारही छान येते. पण सागात सिलिका असते, प्लाय-एमडीएफमध्ये गोंद, तिथं एचएसएस लगेच बोथट होतं. तिथं कार्बाइड टिपच. सेट घेण्याआधी रोजचं एकच प्रोफाइल (कडेचा आकार) घ्या, किंवा पाती बदलता येणारं एक हेड, पातीसकट त्याच कंपनीचं. खरी बचत तिथं आहे.

भाच्या, तो कटर दुकानदाराला परत कर आणि एक इंची बोअरचा माग. नाहीच बदलला तर लेथवर ३० बाय २५.४ चा बुश (पोकळी भरणारी धातूची कडी) काढून घेऊ, हातानं सरकेल पण हलणार नाही असा. रविवारी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन येतो. तोवर शेपरचा प्लग काढून ठेव.