यंत्रावरचा लेहरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकल तबलावादनाला मी टॅबलेटवरचा लेहरा, म्हणजे एरवी पेटीवाला वाजवतो ती तबल्यामागे फिरत राहणारी सुरांची ओळ, लावतो, यावर तुम्ही चांगलेच चिडलेले दिसता. तुमचं म्हणणं, हा ‘घरचा रियाज लोकांना ऐकवण्याचा प्रकार’ आहे, यंत्र हे ‘खरं वाद्य’ नाही, ते ऐकत नाही, आणि वर पेटीवाल्याच्या पोटावर पाय.

पोटाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. दोन मानधनं निघत असतील तिथे मी पेटीवाला मागतोच. घरगुती बैठकीत बऱ्याचदा एकच पाकीट निघतं, तेही पातळ. तिथे यंत्र नको म्हटलं तर वादनच होत नाही.

‘यंत्र ऐकत नाही’ हे ख्यालाच्या साथीला सोळा आणे लागू. मशीनच्या ठेक्यावरचा ख्याल मलाही ऐकवत नाही. पण लेहऱ्याचं काम निराळं. चंद्रकंस रागातली सोळा मात्रांची एकच ओळ धरून ठेवायची, तबलजी आड-कुआडीसारख्या तिरक्या लयींत कितीही शिरला तरी हलायचं नाही. उलट माणूसच कनवाळू असतो. तिहाई, म्हणजे समेवर यायला तीनदा वाजवलेला तुकडा, जरा आधी संपली, तर एखादा पेटीवाला गुपचूप पुढे सरकून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जुळवून देतो. यंत्राला असली भीड नाही. चक्रदार, म्हणजे तिहाईसकट तीनदा येणारा लांब तुकडा, फसला की समेवर मी एकटा.

यंत्र अडतं ते लय वाढवताना. सुरुवातीचा पेशकार विलंबित तीनतालात झाला, त्यानंतरचा कायदाही झाला, आता रेल्याकडे, म्हणजे जलद बोलांकडे, जायचंय. पेटीवाल्याकडे नुसतं बघितलं की दोन आवर्तनांत तो लय चढवतो. इथे पडद्याला हात लावायचा तर डग्गा सुटतो. म्हणून मी मध्येच पढंत घेतो, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो, आणि त्या ओघात बोटाने लय वाढवून टाकतो. पळवाटच ती, लय चढत नाही, उडी मारते, आणि जाणत्याला ते कळतं. पावसाळ्यात तबल्याचा सूर उतरला तरी तेच. मी हातोडी घेऊन ठोकत बसलो की पेटीवाला दोन सुरावटी फिरवून वेळ सांभाळतो, यंत्र तीच ओळ गिरवत राहतं.

बाकी ‘खऱ्या वाद्या’चं म्हणाल, तर पेटीलाही ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये बाहेर काढलं होतं, ती परत यायला 1971 उजाडलं. लेहऱ्याला सारंगीच हवी म्हणणारे आजही भेटतात. झाकीर हुसेन यांच्या मागे सुलतान खाँची सारंगी ऐकली की त्यांचं पटतंही.

तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही स्वतः पेटी वाजवत असावात. डिसेंबरात एक बैठक आहे. पाकीट एकच आहे, पण निम्मं तुमचं. येता का?